मुलं खाला सांभाळतील, कागद कोण सांभाळणार?

सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या गल्लीतल्या एका दारासमोर लहान लहान चपला दिसू लागल्या की समजायचं, खालांचं घर सुरू झालं. कुणाची आई दवाखान्यात नर्स आहे, कुणाची बँकेत. एक हायवेवरच्या हॉटेलात पोळ्या लाटते. दोघी डाळिंबाच्या बागांत रोजाने जातात. मोडनिंब हे माढा तालुक्यातलं गाव, पण इथून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही जाते. त्यामुळे कामासाठी घराबाहेर पडणाऱ्या बायका इथे पुष्कळ. अशा घरांतली आठ मुलं दिवसभर खालांकडे असतात. सर्वांत धाकटं दहा महिन्यांचं, थोरलं पाच वर्षांचं.

माझी मुलगीही त्याच घरात वाढली. आता ती नववीत आहे. मी सकाळची एसटी पकडून शेजारच्या गावातल्या शाळेत जायचे आणि ती खालांच्या मांडीवर असायची. तिचा पहिला शब्द मी ऐकला नाही, खालांनी ऐकला. म्हणून हा विषय माझ्यासाठी फक्त लेखाचा विषय नाही.

गेल्या रमजानच्या आधी खालांनी मला बोलावून घेतलं. शहरातल्या एका संस्थेची माणसं येऊन गेली होती. त्यांनी चार पानांचा फॉर्म ठेवला होता. खालांना उर्दू वाचता येतं, कुरआन शरीफ रोज वाचतात, पण मराठीतली बारीक छपाई त्यांना जमत नाही. फॉर्म माझ्या हातात देत म्हणाल्या, "बाजी, बच्चे संभालना मेरेकू आता. ये कागदां तुम पढो. शामिल होना क्या नै, तुमीच बोलो."

फॉर्मचा मतलब असा होता. खालांनी संस्थेत नाव नोंदवायचं. नोंदणी, पोलीस पडताळणी, मुलांची माहिती, पावत्या, सगळं संस्था बघणार. दारावर संस्थेची पाटी लागणार. पालकांनी पैसे संस्थेला द्यायचे, त्यातला चौथा हिस्सा संस्थेचा, उरलेले खालांना महिन्याच्या अखेरीस. मुलं घ्यायची कोणती आणि दर काय, हेही संस्था ठरवणार.

मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, "खाला, आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि आठवलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते. कारण अशा खाला फक्त आमच्या गल्लीत नाहीत. तुमच्याही गल्लीत असतील, कदाचित तुमच्याच घरात असतील.

मुळात कागद किती?

पहिली गोष्ट मला अशी दिसली की खालांच्या मनात कागदांचा जो धाक आहे, तो प्रत्यक्ष कागदांपेक्षा मोठा आहे. धाक वाढायला कारणंही आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात लहान मुलीला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं आणि राज्यभर पालक हादरले. त्यानंतर लोक विचारू लागले, तुमच्याकडे काय कागद आहे? २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०१८ मध्ये केंद्राने अशा पाळणाघरांसाठी किमान निकष जाहीर केले. हे नियम कंपन्या-कार्यालयांच्या पाळणाघरांसाठी आहेत. पण बातम्या खालांपर्यंत पोचताना "आता सगळ्यांना परवाना लागणार" अशा रूपात पोचल्या.

घरच्या दोन खोल्यांत आठ मुलं सांभाळणाऱ्या बाईला उपयोगी पडणारे कागद मोजके आहेत. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम कार्ड. हे पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं आणि सोळा ते एकोणसाठ वयाच्या कामगाराला त्यात नाव नोंदवता येतं. लहान व्यवसाय म्हणून उद्यम नोंदणी, जी आधारवर होते आणि सरकारी पोर्टलवर मोफत आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणी दाखल्याची सक्ती नाही, कामाची सूचना देणं पुरतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतला तर पालकांच्या मनाला आधार. एवढंच. "लाडकी बहीण"साठी ज्या बायकांनी २०२४ मध्ये रांगा लावून फॉर्म भरले, त्यांना हे कागद अवघड नाहीत. सोबत बसणारं कुणीतरी हवं, हे मात्र खरं.

रोजचा कागद वेगळा. कोणतं मूल किती वाजता आलं, कुणी नेलं, काय खाल्लं, औषध दिलं का, ताप होता का, पैसे कुणाचे आले. हा कागद कोणत्याही संस्थेला खालांऐवजी लिहिता येणार नाही. मूल खालांकडे आहे आणि वेळही खालांनाच माहीत आहे. संस्था फार तर वही छापून देईल.

अंगणवाडीताईंनी काय पाहिलं

मोठ्या छत्राखाली गेलं की कागद कमी होतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा अंगणवाडीत जाऊन बसावं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. लहान मुलं सांभाळणारं देशातलं सर्वांत मोठं छत्र ते हेच. पण सेविकेच्या टेबलावर अकरा रजिस्टरं आली. मग मोबाइल आला, आणि रजिस्टरं जाण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी दोन्ही भरावं लागलं. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं अॅप आलं. फोन नीट चालत नाहीत आणि अॅप मराठीत नाही, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले. ज्या बाईने बाळाचं वजन करायचं, तिचा वेळ ते वजन अॅपमध्ये चढवण्यात जात होता.

आणि इतकं लिहूनही हक्क आपोआप आला नाही. सेविका "मानधनी" राहिल्या. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हा निकाल सुप्रीम कोर्टाने २५ एप्रिल २०२२ ला गुजरातमधल्या खटल्यात दिला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटीसाठी डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये दीर्घ संप करावा लागला. मी सेविकांना दोष देत नाही आणि योजनेलाही नावं ठेवत नाही. गरीब घरच्या लाखो मुलांच्या तोंडी त्या योजनेने घास घातला. मला एवढंच म्हणायचं आहे की वरचं कार्यालय जितकं मोठं, तितका माहितीचा मागणा मोठा. लिहिणारा हात खालचाच राहतो.

दुसरा अनुभव पाळणाघरांचाच आहे. नोकरदार आणि मजूर आयांच्या मुलांसाठी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीस मुलं एका पाळणाघरात असायची. पैसा केंद्राचा, पण तो केंद्रीय समाज कल्याण मंडळ, भारतीय बाल कल्याण परिषद अशा मोठ्या संस्थांमार्फत छोट्या संस्थांकडे आणि तिथून ताईंकडे यायचा. १ जानेवारी २०१७ पासून योजना राज्यांकडे गेली, आणि त्या उलथापालथीत देशभर हजारो पाळणाघरं बंद पडली. २०२२ पासून तीच कल्पना "मिशन शक्ती"खाली "पाळणा" या नावाने आली आहे. अंगणवाडीलाच जोडून सतरा हजार पाळणाघरं करायचं ठरलं. योजना चांगली आहे. तुमच्या गावात येणार असेल तर ग्रामसभेत जरूर मागा. पण मधल्या हातांची साखळी लांब असली आणि एक कडी तुटली, की शेवटच्या बाईचा पगार थांबतो, हा धडा विसरू नये.

इंग्लंडात हाच प्रश्न

खालांचा प्रश्न इंग्लंडातल्या बायकांनाही पडला होता, हे वाचून मला गंमत वाटली. तिथे स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईला सरकारी नोंदणी करावी लागते. ऑफस्टेड नावाची तपासणी यंत्रणा घरी येऊन पाहणी करते, वह्या तपासते. या कागदांना कंटाळून बायका काम सोडू लागल्या. तेव्हा २०१४ मध्ये कायदा करून एजन्सीची वाट काढली गेली. बाईने एजन्सीत नाव नोंदवायचं आणि फी भरायची. मग तिची देखरेख, प्रशिक्षण, नोंदणी एजन्सी बघते, आणि ऑफस्टेड त्या एकेका घराऐवजी एजन्सीची तपासणी करते.

कागदावर हे सोपं दिसतं. पण एजन्सी थोड्याच निघाल्या आणि बहुतेक बायका आपल्या स्वतंत्र नोंदणीवरच राहिल्या. पालकांना सांगता यायला हवं की माझं घर सरकारने स्वतः तपासलं आहे, हे त्यांच्या मनात होतं. कमाईतून फी द्यायची आणि वर कुणाची तरी देखरेख, हेही अनेकींना पटलं नाही. ज्या गेल्या, त्यांतल्या काहींना मात्र खरंच सोपं पडलं, विशेषतः नव्याने काम सुरू करणाऱ्यांना. म्हणजे उत्तर सरसकट "हो" नाही आणि सरसकट "नाही"ही नाही.

तिसरी वाट: आपलीच संस्था

एकटीने झुंजायचं किंवा दुसऱ्याच्या पाटीखाली जायचं, एवढ्या दोनच वाटा आहेत का? अहमदाबादच्या बायकांनी तिसरी काढली. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये "सेवा" ही असंघटित कामगार स्त्रियांची संघटना उभी केली. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बायकांना मुलं ठेवायला जागा हवी होती. त्यातून पाळणाघरं आली आणि ती चालवणाऱ्या बायकांची "संगिनी" ही सहकारी मंडळी तयार झाली. तिथे मुलं सांभाळणारी बाई नोकर नाही, सभासद आहे. हिशेब एका ठिकाणी लिहिला जातो, पण तो कुणाचा आहे हे तिला माहीत असतं, आणि सभेत उठून विचारायचा हक्क तिला असतो.

आपल्या पुण्यामुंबईतही जुनी उदाहरणं आहेत. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरतं पाळणाघर सुरू केलं. त्यातून मुंबईत आणि पुढे पुण्यातही मोबाइल क्रेशेस उभ्या राहिल्या. ती सहकारी नव्हेत, सेवाभावी कामं आहेत. पण कागदांचं काम एका जागी आणि मुलांचं काम हजार जागी, ही विभागणी तिथे वर्षानुवर्षं चालली आहे.

आपल्याकडे ही विभागणी नवी नाही. बचत गटांची पंचसूत्री ज्यांना पाठ आहे त्यांना ठाऊक असेल, तिचं पाचवं सूत्र लेखे लिहिण्याचं आहे. गटातल्या सगळ्याच बायका लिहित नाहीत, एक लिहिते आणि सगळ्या ऐकतात. ग्रामसंघाला हिशेब लिहिणारी असते. मग दहा खालांना मिळून एक लिहिणारी का असू नये? आपल्या मोहल्ल्यात बारावी झालेल्या, कॉम्प्युटर येणाऱ्या किती मुली घरी बसून आहेत! महिन्यातून चार दिवस त्यातली एक दहा घरी जाऊन वह्या तपासेल, पावत्या करेल, ऑनलाइनचं काम करेल. तिलाही मेहनताना मिळेल.

इथे एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्यातल्या बऱ्याच बहिणी सूदाच्या प्रश्नामुळे बचत गटापासून दूर राहतात. त्यांच्या मनाचा आदर ठेवूनच वाट काढायची. मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या संघाला कर्जाचा व्यवहार लागतच नाही. सात जणी मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करता येते. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा जणी असतील तर महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली सहकारी संस्था करता येते. अर्थात तिलाही दरवर्षी हिशेब तपासणी आणि सर्वसाधारण सभा आहेच. कागद नाहीसा होत नाही. तो कुणाच्या हातात असतो आणि त्याचा खर्च कोण सोसतं, एवढंच बदलतं.

आणि नोंदणीची घाई नसेल तर सुरुवात पाच जणींच्या साध्या मंडळाने करावी. महिन्यातून एकदा बसावं, दर सारखे ठेवावेत, एक आजारी पडली तर दुसरीने तिची मुलं घ्यावीत.

मे महिन्याची गोष्ट

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

माझी मुलगी खालांकडे असताना मे महिन्यात शाळेला सुट्टी असायची. मुलगी माझ्याजवळ, म्हणून मी त्या महिन्याचे पैसे देत नसे. तीन वर्षं मी असंच केलं. मला वाटायचं, मूल पाठवलंच नाही तर पैसे कशाचे? मे महिन्याचा माझा पगार मात्र पूर्ण यायचा. जूनमध्ये माझ्या मुलीची जागा तिथे राहावी म्हणून खाला दुसरं मूल घेत नसत, आणि त्या महिन्यात उसनवारी करत. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. फॉर्म वाचायला बसलो तेव्हा बोलता बोलता निघालं. हसत म्हणाल्या, "मई में सब बाजियां ऐसाच करते."

मी मान खाली घातली. आमच्यात कागद असता तर असं झालं नसतं. "ओळखीत कसला कागद" असं आपण म्हणतो, आणि ओळखीचा फायदा बहुतेक वेळा पैसे देणाऱ्यालाच होतो.

आपल्या दीनमध्ये हे आधीच सांगून ठेवलेलं आहे. कुरआन शरीफची सर्वांत लांब आयत कोणती, हे मी मुलांना विचारते. सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी. तिचा विषय देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आहे. त्याच सूरहमध्ये दूध पाजणाऱ्या बाईला ठरलेला मोबदला नीट देण्याची ताकीद आहे. हुजूर सल्ल. यांचं बालपण हलीमा सादिया रजि. यांच्या घरी गेलं, आणि मोठेपणी त्यांनी त्यांचा किती मान राखला हे आपण मिलादमध्ये ऐकतो. दुसऱ्याचं मूल सांभाळणं ही अमानत आहे, आणि त्याचा मोबदला हीसुद्धा अमानतच.

मग सामील व्हायचं की नाही?

आठ दिवसांनी मी खालांना जे सांगितलं ते असं. बाहेरच्या संस्थेत जायला हरकत नाही, पण पाच गोष्टी लेखी मिळाल्या तरच.

पहिली, पालकांचे पैसे थेट खालांच्या खात्यात यावेत आणि संस्थेने आपली फी पावती देऊन वेगळी घ्यावी. दुसरी, कोणतं मूल घ्यायचं आणि किती घ्यायची हे खाला ठरवतील. तिसरी, नोंदणीचे सगळे दाखले खालांच्या नावावर असावेत आणि मूळ प्रती त्यांच्याकडे राहाव्यात. चौथी, महिन्याची सूचना देऊन बाहेर पडता यावं, आणि तेव्हा मुलं खालांकडेच राहावीत. पाचवी, काही अपघात झाला तर संस्था काय जबाबदारी घेते हे स्पष्ट लिहिलेलं असावं. फॉर्ममध्ये पहिल्या चार गोष्टी उलट होत्या आणि पाचवीचा उल्लेख नव्हता. चौथा हिस्सा घेणाऱ्याने जबाबदारीचा एक शब्दही लिहिला नव्हता.

खालांनी तो फॉर्म भरला नाही.

पण "नाही" म्हणून विषय संपत नाही, कारण त्यांची अडचण खरी होती. म्हणून आम्ही दोन संध्याकाळी बसून त्यांच्यापुरते कागद तयार केले. एक वही हजेरीची, उर्दूत. आलं-गेलं आणि कुणी नेलं. दुसरी वही पैशांची. तिसरं, प्रत्येक मुलाचं एक पान: आईबापांचे दोन फोन, घरातल्या आणखी एकाचा फोन, लस, कशाने त्रास होतो, कोणत्या डॉक्टरकडे जातात. हे पान महत्त्वाचं. मागे एका मुलाला तापात झटके आले तेव्हा आईचा फोन लागत नव्हता आणि बापाचा नंबर कुणाकडेच नव्हता. देवाच्या कृपेने मूल वाचलं, पण ती पंधरा मिनिटं खाला अजून विसरलेल्या नाहीत.

चौथा कागद पालकांशी कराराचा, एका पानाचा, मराठी आणि उर्दू दोन्हींत. वेळ, दर, उशीर झाला तर काय, आजारी मूल आणायचं नाही, खालांची महिन्याची दोन दिवस भरपगारी सुट्टी, ईदची सुट्टी. आणि मे महिन्यात जागा राखून ठेवायची असेल तर निम्मे पैसे. ही शेवटची ओळ मी लिहिली. खाला म्हणत होत्या, "रहन दो बाजी, लोगां नाराज होते."

आठापैकी सहा पालकांनी सही केली. एकीने मे महिन्याच्या ओळीवर वाद घातला आणि मूल काढून घेतलं. एकजण अजून "बघू" म्हणतात. खालांचं एका मुलाचं उत्पन्न कमी झालं, हे मी लपवत नाही. माझ्या सल्ल्याची ती किंमत त्यांनी मोजली आहे. आता गावातल्या आणखी तीन बायका, त्यांत एक हिंदू ताई, अशाच वह्या मागायला आल्या आहेत. चौघींना मिळून एक लिहिणारी मुलगी ठेवायची का, यावर बोलणं चाललं आहे.

वाचक बहिणींनो, तुमचं मूल कुणाच्या घरी असेल तर आज संध्याकाळी त्याला आणायला जाताना दोन गोष्टी करा. तुमचा आणि घरातल्या आणखी एकाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या भिंतीवर लावा. आणि विचारा, मे महिन्यात तुमचं कसं भागतं?

मी पंधरा वर्षं उशिरा विचारलं.